बादलीतले विसर्जन : २०२० च्या गणेशोत्सवातील एका विलगीकृत कुटुंबाचे प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका चार मजली गृहनिर्माण संस्थेत घडलेले हे प्रकरण आहे. कुटुंब चौघांचे : सत्तरी ओलांडलेल्या आजी, खासगी नोकरीतला मुलगा, घरून शिकवण्या घेणारी सून आणि सहावीतली नात. २०२० च्या ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थी अगदी तोंडावर आलेली असताना, मुलाचा कोरोना चाचणीचा अहवाल सकारात्मक आला. लक्षणे सौम्य असल्याने त्याला घरातल्याच एका खोलीत वेगळे ठेवण्यात आले आणि उरलेल्या तिघांनाही उंबरठा ओलांडण्यास मनाई झाली. गर्दी टाळायची म्हणून मूर्ती मात्र त्याआधीच घरी आणून ठेवलेली होती. प्रतिष्ठापनेची अडचण नव्हती. गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून पूजा सांगितली आणि सुनेने ती केली. खरा प्रश्न विसर्जनाचा होता, आणि तो सोडवताना या घराला जे कळले ते टाळेबंदी नसलेल्या वर्षांतही उपयोगी पडणारे आहे, म्हणून त्याची सविस्तर नोंद करीत आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

त्या वर्षीची परिस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मार्चअखेरीस सुरू झालेली टाळेबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत असतानाच पुण्यात जुलैच्या मध्यावर पुन्हा दहा दिवस कडक बंद पाळावा लागला होता. राज्य शासनाने जुलैमध्ये गणेशोत्सवासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांपर्यंत आणि घरगुती मूर्तीची दोन फुटांपर्यंत मर्यादित केली होती, शक्यतो घरातल्या धातूच्या किंवा संगमरवरी मूर्तीचीच पूजा करावी असे सुचवले होते आणि मूर्ती शाडूची असल्यास घरच्या घरी विसर्जन करावे, असे आवाहन होते. चतुर्थी २२ ऑगस्टला आली, गौरी-गणपतींचे विसर्जन २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला. मानाच्या गणपतींनीही त्या वर्षी मिरवणूक काढली नाही. नदीकाठचे घाट घरगुती विसर्जनासाठी बंद होते. महापालिकेने फिरते हौद पाठवले होते. विलगीकरणातल्या घरातून मूर्ती खाली कोण नेणार आणि ती हातात कोण घेणार, हा प्रश्न मात्र कोणत्याही सूचनापत्रात नव्हता.

घरातल्यांच्या मते मूर्ती शाडूची होती, कारण विक्रेत्याने तसे सांगितले होते आणि तिचा रंगही मातकट होता. शंका आली ती नातीला. शेजारच्या घरातली तेवढ्याच उंचीची मूर्ती उचलताना दोन माणसे लागली होती आणि यांची मूर्ती तिने एकटीने चौरंगावर ठेवली होती. शाडूची मूर्ती बहुधा भरीव आणि जड असते, प्लास्टर ऑफ पॅरिसची पोकळ आणि हलकी. उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागेवरून हलवायची नाही, असे आजींनी बजावले असल्याने पारख जागेवरच झाली : मूर्ती किंचित कलती करून पाहिली तेव्हा तळाची पोकळी पांढरी शुभ्र दिसली आणि तिच्यात काथ्याचे धागे चिकटलेले होते. तळाशी सुटलेला नखाएवढा तुकडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवला, तो सकाळी जसाच्या तसा होता. शाडूचा असता तर अर्ध्या तासात त्याचा चिखल झाला असता. ही चाचणी इतकी सोपी आहे की ती मूर्ती विकत घेतानाच का केली जात नाही, याचे आश्चर्य वाटते. पण सणाच्या दिवशी दुकानात कोणी मूर्तीचा तळ खरवडत नाही, हेही खरे.

आता पर्याय काय होते? पहिला, विसर्जनच पुढे ढकलणे. शासनाच्या सूचनांत त्याला वाव होता. माघी गणेशोत्सवात किंवा पुढल्या भाद्रपदात विसर्जन करता येईल, असे त्यांत म्हटले होते. आजींना ते मुळीच मान्य नव्हते : पूजा उतरवल्यावर मूर्ती घरात ठेवायची नाही, ही त्यांच्या सासरची रीत. दुसरा, शेजाऱ्यांकरवी मूर्ती फिरत्या हौदाकडे धाडणे. शेजारी तयार होते, पण बाधिताच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे सुनेला पटेना. तिसरा, घरातच विसर्जन. यावर आजींचे म्हणणे, ‘वाहत्या पाण्यात सोडायचा बाप्पा, तो मोरीत कसला बुडवता?’ तोड गुरुजींनी काढली. उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती जागेवरून हलवली की देवत्वाने तिचा निरोप घेतलेला असतो, पुढचे पाणी नदीचे की पिंपातले याने पूजेला उणेपणा येत नाही, असे त्यांनी फोनवर समजावले. मोरी नको, देव्हाऱ्याजवळच्या बाल्कनीत नवे पिंप ठेवावे, त्यात आधी थोडे गंगाजल घालावे, एवढ्या अटीवर आजी राजी झाल्या. पर्यावरणाच्या गोष्टी घरात रुजवताना अशा अटी मान्य करणे हा कमीपणा नव्हे. बहुतेक घरांत बदल याच वाटेने येतो.

शाडूची मूर्ती असती तर प्रकरण इथेच मिटले असते. प्लास्टरची असल्याने साध्या पाण्याने भागणार नव्हते, आणि का भागणार नव्हते हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी शोषून घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. या घरातली मूर्ती वजनाला साधारण दोन किलो होती. म्हणजे ती पूर्ण विरघळायला आठशे ते हजार लिटर पाणी, तेही पुरेसे ढवळलेले, हवे. संथ नदीत किंवा तळ्यात मूर्त्या महिनोन्‌महिने तशाच का पडून राहतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

यावरचा उपाय पुण्यातच शोधला गेला होता. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मोहन डोंगरे आणि डॉ. शुभांगी उंबरकर यांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विघटित करण्याची घरगुती पद्धत विकसित केली आणि महापालिकेने त्याआधीच्या काही वर्षांपासून हे रसायन नागरिकांना मोफत द्यायला सुरुवात केली होती. क्रिया अशी की जिप्सम आणि अमोनियम बायकार्बोनेट यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेट, अमोनियम सल्फेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. कॅल्शियम कार्बोनेट हा खडूसारखा पांढरा गाळ तळाशी बसतो. अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे नत्रयुक्त खत पाण्यात विरघळून राहते. मूर्तीच्या वजनाइतके रसायन, मूर्ती बुडेल इतके साधे पाणी, दर दोन-तीन तासांनी ढवळणे आणि सुमारे अठ्ठेचाळीस तासांचा धीर, एवढीच कृती. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून पिशवी आणून दाराशी ठेवली.

२७ तारखेला आरती झाल्यावर सुनेने मूर्तीवरचे दागिने, वस्त्र, मण्यांची माळ आणि चिकटवलेले खडे काढून घेतले, पिंपात वीसेक लिटर पाणी घेऊन त्यात पावडर विरघळवली आणि मूर्ती आत सोडली. लगेच बुडबुडे येऊ लागले, हे नातीला फार आवडले. अमोनियाचा उग्र दर्प येऊ लागला, तो कोणालाच आवडला नाही. ज्या घरात खोकणारा रुग्ण आहे त्या घरात हा मुद्दा किरकोळ नाही. पिंप उघड्या बाल्कनीत होते आणि रुग्णाच्या खोलीची त्या बाजूची खिडकी बंद ठेवली होती म्हणून निभावले. बंद न्हाणीघरात हे काम करू नये. दुसऱ्या दिवशी क्रिया मंदावली. रंगाचा थर अखंड असेल तर द्रावण आत पोचत नाही, आणि या मूर्तीवर मातकट रंगाखाली चकाकीचा एक जाड लेप होता. पाठीमागून तो खरवडावा लागला. देवाच्या मूर्तीवर सुरी चालवायला सुनेचा हात धजेना, तेव्हा आजींनीच नारळाची करवंटी घेऊन ते काम केले. तिसऱ्या दिवसाअखेर जाडजूड बैठकीचा काही भाग सोडला तर मूर्ती उरली नव्हती. वर रंगाचा पापुद्रा तरंगत होता आणि ढवळण्याच्या काठीला काथ्या गुंडाळला जात होता.

याच इमारतीतील आणखी दोन घरांनी तोच प्रयोग केला आणि दोन्हीकडे घोळ झाला. एकाने क्रिया लवकर व्हावी म्हणून कढत पाणी वापरले. अमोनियम बायकार्बोनेट उष्णता सोसत नाही. चाळीस अंशांच्या आसपासच त्याचे अमोनिया, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड असे विघटन वेगाने होऊ लागते, त्यामुळे रसायन मूर्तीवर काम करण्याऐवजी हवेत उडून गेले आणि जिन्यात डोळे चुरचुरू लागले. दुसऱ्याने नावातले साम्य पाहून किराणा दुकानातून खाण्याचा सोडा मागवला. तोही रसायनशास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी नाही, जिप्समशी त्याची क्रिया होते; पण मागे अमोनियम सल्फेटऐवजी सोडियम सल्फेट राहते आणि ते झाडांना घातले तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होण्याच्या दिशेने जाते. ते पाणी शेवटी गटारात ओतावे लागले, म्हणजे ज्या नदीसाठी खटाटोप केला तिच्याकडेच ते गेले.

आता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे पिंपात जे उरले त्याचा. घरगुती विसर्जनाची माहिती देणारे बहुतेक मजकूर ‘हे पाणी झाडांना खत म्हणून वापरता येते’ या वाक्यापाशी थांबतात. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. दोन किलो जिप्समवर क्रिया पूर्ण झाली तर साधारण पावणेदोन-दोन किलो रसायन खर्ची पडते आणि त्यातून सव्वा किलोच्या आतबाहेर खडूचा गाळ, सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट आणि अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वीस लिटर पाण्यात दीड किलो अमोनियम सल्फेट म्हणजे लिटरला पंचाहत्तर ग्रॅम. कुंडीतल्या झाडाला असे खत लिटरमागे एक-दोन ग्रॅमच्या पुढे देऊ नये. हे ठाऊक नसल्याने सुनेने तांब्याभर पाणी आजींच्या तुळशीला घातले, आणि दोनच दिवसांत पानांच्या कडा करपून तुळस माना टाकू लागली. नंतर कुंडीत भरपूर पाणी सोडून माती धुतली, तरी ती वाचली नाही. सबंध सणात आजींना सर्वाधिक लागलेली गोष्ट तीच, विसर्जनाच्या पिंपाहूनही.

सुरक्षित तीव्रतेला आणायचे तर त्या वीस लिटरमध्ये साडेसातशे लिटर पाणी मिसळावे लागेल. मूर्ती साध्या पाण्यात विरघळवायला जेवढे पाणी लागले असते, जवळजवळ तेवढेच! फरक इतकाच की हे पाणी एकाच वेळी एकाच ठिकाणी लागत नाही, थोडे थोडे करून जमिनीत मुरवता येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दीड किलो अमोनियम सल्फेटमध्ये तीनशे ग्रॅमहून थोडे जास्त नत्र असते. उसासारख्या खादाड पिकालाही हंगामानुसार हेक्टरी २५० ते ४०० किलो नत्र देतात, म्हणजे चौरस मीटरला २५ ते ४० ग्रॅम. तेव्हा एका फुटाच्या एका मूर्तीतून निघणारे नत्र आठ ते तेरा चौरस मीटर उसाला वर्षभर पुरेल. बाल्कनीतल्या दहा-बारा कुंड्यांना ते पेलणारे नाही. ज्यांच्याकडे अंगण, संस्थेची बाग किंवा मोठी झाडे आहेत त्यांनाच ही पद्धत खऱ्या अर्थाने सोयीची आहे, ही गोष्ट पिशवीवरच्या सूचनांत ठळकपणे यायला हवी, असे माझे मत आहे.

विलगीकरण संपेपर्यंत पिंप झाकून ठेवण्यात आले. त्यानंतर वरचे पाणी निथळून संस्थेच्या आवाराकडे गेले. निम्म्याहून अधिक पाणी पावसाच्या उघडिपीत, बादलीला तांब्याभर या प्रमाणात, नारळ आणि गुलमोहराच्या आळ्यांबाहेर अनेक दिवसांत पसरून घातले. उरलेले मागच्या कोपऱ्यातील सुक्या पाल्याच्या ढिगावर शिंपडले. सुक्या पाल्यात कर्ब उदंड आणि नत्र अगदी कमी असल्याने तो कुजायला फार वेळ घेतो. त्याला नत्राचा पुरवठा झाला की जिवाणूंचे काम वेग घेते. माझ्या पाहण्यात या पाण्याचा हा सर्वांत चांगला उपयोग होता. भाजीच्या वाफ्याला मात्र ते देऊ दिले नाही, कारण मूर्तीच्या रंगात काय होते हे सांगणारे कोणी नव्हते, आणि स्वस्त रंगांत शिशासारख्या जड धातूंचे अंश असू शकतात. रंगाचा पापुद्रा आणि काथ्या गाळून सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून दिला. खडूचा गाळ वाळवल्यावर रवाळ पांढरी भुकटी झाली. ती संस्थेच्या भिंतीतल्या भेगा बुजवताना गवंड्याने सिमेंटच्या गिलाव्यात मिसळली.

या उपायाच्या खात्यावर आणखी एक खर्च मांडायला हवा. अमोनियम बायकार्बोनेट अमोनियापासून बनते आणि अमोनिया प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून, मोठी ऊर्जा खर्चून. म्हणजे पर्यावरणपूरक म्हणून वाटलेली प्रत्येक पिशवी कारखान्याच्या धुराड्यातून आलेली असते. मूर्ती नदीत टाकण्यापेक्षा हे निःसंशय बरे. पण ही झालेल्या चुकीची दुरुस्ती आहे.

सजावट आणि निर्माल्य यांची कथा तुलनेने सरळ आहे. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. या घरात जुन्या पैठणीचा पडदा आणि वर्तमानपत्राच्या घड्यांची कमान होती, ती सगळी घरातच, नातीच्या हातची. घराबाहेर पडता येत नसल्याने फुले फारशी मिळाली नाहीत, त्यामुळे निर्माल्यही थोडेच निघाले. दुर्वा, आवारातल्या झाडांची पत्री आणि जास्वंद हातांनी कुस्करून, सुक्या पाल्याचे थर देत जुन्या माठात भरले. दोऱ्यात ओवलेल्या माळांचा दोरा आधी काढून घेणे एवढीच काय ती खबरदारी.

शेजारच्या जड मूर्तीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. ती खरोखर शाडूची होती, बादलीत रात्रीतून बसली. पण तिथेही गाळाचा प्रश्न आलाच. शाडू ही अतिशय बारीक कणांची चिकण माती, पोषणमूल्य जवळपास नाही. शेजाऱ्यांनी ती सगळी गुलाबाच्या दोन कुंड्यांत ओतली आणि वरचा थर सिमेंटसारखा होऊन पाणी खाली उतरेनासे झाले. कुंडीच्या मातीत ती मूठ-दोन मुठींहून अधिक मिसळू नये. शाडू महाराष्ट्रात बव्हंशी गुजरातेतून येते, तिकडे ती खाणीतून खणून काढावी लागते. तेव्हा एका सणापुरती वापरून ती कुंडीत किंवा नाल्यात घालवणे हेही शहाणपणाचे नाही.

दोन्ही घरांकडे पाहिले की एक गोष्ट दिसते. घरात विसर्जन केल्याने मूर्ती आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. नदीवर गेले की मूर्ती पाण्यात दिसेनाशी होते आणि जबाबदारी तिथेच संपल्यासारखी वाटते. बादलीत ती दिसेनाशी होत नाही, तिचे वजन, तिचा रंग, तिचा काथ्या सगळे समोर राहते आणि त्याचे काय करायचे ते आपल्यालाच ठरवावे लागते. कोंडून पडलेल्या त्या दिवसांत या कुटुंबाने मूर्तीच्या दोन किलोंचा शेवटपर्यंत माग काढला. असा माग काढणाऱ्याला दुकानात वेगळे प्रश्न सुचतात. खरा निर्णय खरेदीच्या दिवशी होतो. विसर्जनाच्या दिवशी फक्त त्याचा हिशेब चुकता करायचा असतो.

प्लास्टरच्या मूर्त्यांचा प्रश्न पुढे न्यायालयातही गाजला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली होती, पण मूर्तिकारांची अडचण लक्षात घेऊन तिची अंमलबजावणी त्याच महिन्यात वर्षभर लांबवली गेली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्त्या बनवण्यास मुभा दिली, मात्र परवानगीशिवाय नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही असे स्पष्ट केले. घरगुती मूर्त्यांचा मार्ग त्यामुळे कृत्रिम हौदाकडे वळला आहे. हौदात साचलेल्या गाळाचे रसायनशास्त्र बाल्कनीतल्या पिंपाहून वेगळे नाही, फक्त ढवळणारे हात महापालिकेचे असतात.

या घराने २०२१ मध्ये दुकानातून मूर्ती आणली नाही. आजींच्या कपाटात गौरींचे पितळी मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते दरवर्षी घासून मांडले जातात, विसर्जनाच्या दिवशी मूठभर अक्षता वाहून परत डब्यात जातात, आणि त्यांना नदीवर न्यावे असे कोणी कधी म्हटलेले नाही. गणपतीही धातूचा का असू नये, असा प्रश्न नातीने विचारला, पण मातीचाच हवा यावर आजी ठाम राहिल्या. शेवटी शेजाऱ्यांकडच्या कुंड्यांतून खरवडून काढलेली शाडू वाळवून, कुटून, चाळून पुन्हा भिजवली आणि तिची वीतभर उंचीची मूर्ती घरीच केली. सोंड दोनदा तुटली, कान वाळताना तडकले. रंग दिला नाही. हळद, कुंकू आणि गेरू एवढ्यावर भागवले. विसर्जनानंतरचा चिखल फडक्यातून गाळून ताटात वाळवला आणि झाकणाच्या डब्यात भरला, पुढच्या भाद्रपदासाठी.